पाय धुवायला पाणी

१

जवाहरनगरच्या क्वार्टरात राहायचो तेव्हा संध्याकाळी दारूगोळ्याच्या फॅक्टरीची बस कोपऱ्यावर वळली की आमच्या ओळीतल्या साऱ्या बाया एकदमच उठायच्या. कुणाचे हात कणकेत असोत, कुणाचं पोर मांडीवर असो. पाण्याचा गडवा भरायचा आणि दाराबाहेर पायरीवर नेऊन ठेवायचा. बारुदाच्या खात्यातला माणूस पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे. तिथली धूळ पिवळी आणि कडू. एकदा का घरात शिरली की उशीपासून पोळीपर्यंत सगळ्याला तीच चव.

म्हणून पाणी आधी, बोलणं मागून. मी तर मान वर करून पाहतही नसे. चपला थांबल्या की गडवा ठेवायचा आणि चुलीकडे वळायचं. मागे पाण्याचा आवाज, मग पंचा झटकल्याचा, मग मधल्या खोलीतली बाज करकरायची. झालं, आमचे हे घरी आले. उभा संसार मी कानांनीच केला म्हणा ना. नवऱ्याचं तोंड नीट पाहायची ती दिवाळीला, तेल लावताना. डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही, फॅक्टरीतल्या ढकलगाडीखाली गेलं, हे मात्र पक्कं ठाऊक. कारण नजर नेहमी खालीच.

२

ऐंशी साली हे रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. जायचं कुठे, यावर आमच्या घरात महिनाभर किटकिट चालली.

आम्हाला एकच मुलगी, पुष्पा. मोहाडीजवळच्या एका टोलीवर, लहानशा वस्तीत दिली होती, धान पिकवणाऱ्या घरात. घर चांगलं, जावई ताराचंदही चांगला. पण तिचं पहिलं बाळ पाचवीच्या आधी गेलं. दुसरं बारशाच्या आदल्या दिवशी. दोन्ही वेळा आम्हाला निरोप पोचून, बस मिळून, आम्ही जाईपर्यंत सगळं आटोपलेलं. मला एकाचंही तोंड पाहायला मिळालं नाही. दुसऱ्यानंतर माझं रडणंच बंद झालं. बाया म्हणायच्या, रुखमाबाई घट्ट मनाची आहे. घट्ट कसली डोंबलाची! बधिर झाली होती मी. चटका बसला तरी हात उशिरा मागे घ्यायची.

"भंडाऱ्यातच घर पाहू ना," मी म्हटलं. "मोठा दवाखाना हाये तिथं."

"अन् पुष्पीकडं कशानं जाशीन? बसनं? जिंदगीभर बसचीच वाट पाहिली मी. आता जिथं जाईन तिथं माह्या पायानं जाईन."

"मंग एकोडीले चला, आपल्या गावाले."

"एकोडीले भाऊ हायेत. पोरगी हाये काय तिथं?"

दर रविवारी हे मोहाडीला जाऊन येत आणि चालून पाहत. चक्की पायी, दवाखाना पायी, पोस्ट, तहसील, आठवड्याचा बाजार, सगळं पायी. तलावाच्या पाळीवरून पुष्पाची टोली दोन बिड्यांच्या अंतरावर. नवरदेवासारखे खुशीत परत यायचे. "असं गाव सापडनार नाही," म्हणायचे. "तिसऱ्या खेपेले आपन तिच्या उशाशी राहू, पाहाय तू."

तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. तिसरं बाळ जगावं म्हणून.

घर मिळालं ते भर रस्त्यावर. पुढे पडवीसारखी सपरी, तिथून मधली खोली, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीत घरमालकाची धानाची मोठी कोठी, तिला हलवायची नाही अशी अट. रस्ता बाजाराकडे जाणारा, म्हणून दिवसभर दारासमोरून पाय चालायचे. क्वार्टरात बस आली की पाय यायचे, एरवी शांत. इथं कान सारखे उभे. माणसं आमच्या दाराशी थांबायची, चपलेतला खडा काढायची, बोलायची, निघून जायची. कोणते पाय आपले आणि कोणते रस्त्याचे, हे कानांना शिकायला वेळ लागला. कदाचित शिकलेच नाहीत.

३

धान पिवळं पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. हे बाजाराला गेले होते. दिवेलागणीला मी चुलीशी बसून वांगी चिरत होते. पाय आले, दाराशी थांबले. मी उठले, गडवा पायरीवर ठेवला, परत येऊन वांगी हातात घेतली. पाण्याचा आवाज आला. पंचा झटकला. बाज करकरली.

"टमाटे आनले काय?" मी आतूनच विचारलं.

उत्तर नाही. यांना दमल्यावर बोलायचा कंटाळा, हे काही नवीन नव्हतं. मी चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली. आणि दाराशी पुन्हा पाय थांबले.

"अवं, गडवा रिकामा काहून ठेवला?"

आवाज यांचाच. बाहेरून.

मी जाऊन पाहिलं तर हे पायरीवर उभे, हातात पिशवी, पिशवीत टमाटे. पाय धुळीनं माखलेले. गडवा रिकामा. पायरीवरून ओल्या पावलांची रांग सपरीत आली होती, सपरीतून मधल्या खोलीत, बाजेपर्यंत. तिथून पुढे कुठेच नाही. मागच्या दाराला आतून कडी. बाजेच्या सुतळ्या मधोमध दबल्या होत्या, आणि माझ्यादेखत हळूहळू वर येत होत्या.

"कोन आलं होतं?" यांनी विचारलं.

"कोनी नाही."

मी फडकं आणून जमीन पुसली. कुणी वाटसरू असेल, पाणी दिसलं म्हणून पाय धुतले, सपरीत टेकला आणि गेला. लोक काय, कुठंही शिरतात. सुतळी जुनी आहे, सैल पडली असेल. अशी मी स्वतःची समजूत घातली आणि भाजीला फोडणी दिली. मीठ दोनदा पडलं. यांनी तसंच खाल्लं.

४

मग ते होतच राहिलं. रोज नाही. चार दिवस काही नाही, पाचव्या दिवशी हे यायच्या आधी पाय यायचे. मी ठरवायची की आज उठायचं नाही. पण पाय थांबले की माझे हात आपोआप गडव्याकडे जायचे. मेली सवय कुत्र्यासारखी दारात बसलेली असते. गडवा ठेवून झाला की लक्षात यायचं. मग मी चुलीशी बसून ऐकायची. पाणी, पंचा, बाज. वाटायचं, जाऊन पाहावं. पण जन्मभर पाहिलं नव्हतं, आता कोणत्या तोंडानं पाहणार? शिवाय भीती वाटत होती, हे सांगायला लाज कसली.

हे आले की मी दुसरा गडवा भरायची. यांना मी काही बोलले नाही. इतक्या हौसेनं निवडलेलं गाव.

समोरच्या घरात रंभाबाई राहायची. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठी चालले?" विचारायची, हाच तिचा धंदा. एकदा मी सडा टाकत होते तेव्हा हसत म्हणाली,

"काय वो रुखमाबाई, तुमचे बुढे कोन्या रस्त्यानं फिरतेत? एकदा जातेत अन् दोनदा येतेत!"

माझ्या हातातली बादली तिथंच राहिली. "दोनदा?"

"हो ना! एकदा आलेले दिसतेत. मंग थोड्या वेळानं पिशवी घेऊन आनखी येतेत. मी म्हनलं, मागच्या दारानं निंगत असतीन."

"तुमाले तोंड दिसते काय, पहिल्या बारीचं?"

"तोंड कुठून दिसन? पाठ दिसते. तुमीच तं पानी ठेवता त्याइले. तुमाले नाही दिसत?" असं म्हणून ती मोठमोठ्यानं हसली. मीही हसले. काय करणार.

त्या दिवसापासून वाटसरूची समजूत गेली. दुसरी सापडली नाही. पण माणूस कशालाही रुळतो. उन्हाळ्यापर्यंत मला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं. घरात एक बाज करकरते, बाकी येणारा काही मागत नाही, बोलत नाही. बधिरपणाचा तेवढा एक फायदा.

५

पुढच्या वर्षी पुष्पा बाळंतपणाला आली. तेव्हा मात्र मी खडबडून जागी झाले. तिची बाज मधल्या खोलीत टाकली, कारण दुसरी खोलीच नव्हती. मी तिच्या उशाशी विळा ठेवला, दाराला लिंबाचा डहाळा बांधला, आणि दारातला गडवा उचलून स्वयंपाकघरात उपडा घातला. यांना सांगितलं, आता मागच्या दारानं येत जा, विहिरीवर पाय धूत जा.

"काहून?"

"बाळंतीन हाये घरात. मानसाचे पाय पुढून नोको."

यांनी मान हलवली. बाळंतपणाच्या बाबतीत पुरुषाला काहीही सांगितलं तरी तो ऐकतो.

पंधरवडा शांत गेला. मग एका दुपारी तिला कळा लागल्या, दिवस भरायच्या आधीच. दवाखान्यातली नर्स गावाला गेलेली. हे धावत गेले आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या चंद्रभागाबाई दाईला घेऊन आले. तिला पोचवून तसेच पाळीच्या रस्त्यानं ताराचंदला बोलवायला निघाले. पायी जाता येणाऱ्या गावाचा त्या दिवशी खरा उपयोग झाला.

मी चुलीवर पाणी तापवत होते. आतून पुष्पाचं ओरडणं. दोन्ही बाळं माझ्या डोळ्यांपुढे येत होती, न पाहिलेली. देवा, हे एक राहू दे, बाकी काही मागत नाही, असं मी भांड्यांकडे पाहून म्हणत होते. तेवढ्यात पुढच्या दारात पाय थांबले. मला वाटलं हे आले, जावयाला घेऊन आले. घाईत मागच्या दाराचं विसरले असतील. मी गडवा सुलटा केला, भरला, पायरीवर ठेवला, आणि वळून चुलीकडे पळाले.

पाणी. पंचा. बाज करकरली नाही, कारण तिच्यावर पुष्पा होती.

थोड्या वेळानं चंद्रभागाबाई दारात आली, हात कोपरापर्यंत भरलेले, तोंड रागानं लाल.

"रुखमाबाई, तुमाले काही समजते का नाही? बापमानूस बाळंतिनीच्या खोलीत काहून बसला? पोरगी लाजून अंग आखडून घेऊन राहिली. मी दहा बार म्हनलं, जा बाहेर, तं तोंडही फिरवत नाही. काढा त्याइले!"

त्याच वेळी मागच्या दारानं हे आत आले. त्यांच्यामागे ताराचंद. दोघांचे श्वास फुललेले, धोतरं चिखलानं भरलेली. चंद्रभागाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग वळून खोलीकडे पाहिलं. मग खाली बसली.

मी आत गेले. जावंच लागणार होतं, माझी पोरगी होती आत.

पुष्पा डोळे मिटून पडली होती. कोठीच्या आडोशाला, जिथं उजेड पोचत नव्हता, तिथं कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं. मी सवयीनं खालीच पाहिलं. दोन गुडघे. दोन पाय जवळजवळ ठेवलेले, नुकतेच धुतलेले, बोटांच्या मधे पाणी. डाव्या अंगठ्याला नख होतं. चांगलं, लांब, स्वच्छ नख. त्याहून वर मी पाहिलं नाही. कुणी हजार रुपये दिले असते तरी पाहिलं नसतं.

"पोरीले काही करू नोका," एवढंच मी त्या पायांना म्हटलं.

पुष्पानं किंकाळी फोडली. मी तिच्याकडे धावले, चंद्रभागाबाईही मागून धावली. मग जे व्हायचं ते झालं. मुलगी झाली. रडली. चांगली ठणठणीत रडली. मी कोपऱ्याकडे पाहिलं तेव्हा तिथं कोठीच होती, आणि तिच्यापुढे दोन ओली पावलं.

चंद्रभागाबाईनं लुगडं घेतलं, तांदूळ घेतले, पण आमच्या घरचा चहा घेतला नाही.

६

पाचवी झाली. बारसं झालं. मुलगी जगली. सगळे तिला बेबीच म्हणू लागले. हे तिला घेऊन सपरीत बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. मला आतून काहीतरी हललेलं जाणवत होतं, सुन्न पायात मुंग्या येतात तसं. दुखतही होतं, बरंही वाटत होतं.

गडवा मी पुन्हा उपडा घातला होता. बारशानंतर एका संध्याकाळी पाय आले. दारात थांबले. मी उठले नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पाय थांबूनच राहिले. आल्यागेल्या सगळ्यांचे पाय पुढे जात होते, ते मात्र तिथंच. मी मनात म्हटलं, राहा उभा, किती राहशील.

"माय," पुष्पा म्हणाली, "बेबी घेऊन नाही राहिली वो."

दूध पाजायला घेतलं की बेबी तोंड फिरवायची. अंग सैल पडलेलं. डोळे उघडे, पण कशाकडेच पाहत नव्हती. आमचे हे चपला घालून दवाखान्याकडे पळाले. पुष्पाचे ओठ पांढरे पडले. तिनं मला विचारलं नाही, पण मला कळलं ती काय मोजते आहे. पहिलं, दुसरं.

पोट फुगलं असेल. वारा लागला असेल. लहान पोरांना शंभर गोष्टी होतात. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. मी अडाणी नाही, सातवी शिकले आहे. तरी मी उठले, गडवा भरला आणि पायरीवर ठेवला. मान खाली घालून.

पाण्याचा आवाज आला. पंचा झटकला. बेबीनं तोंड वळवलं आणि पिऊ लागली.

हे डॉक्टरला घेऊन आले तेव्हा ती झोपली होती. डॉक्टर म्हणाले, काही नाही, गॅस धरला होता. मीही तेच म्हटलं. त्यानंतर मात्र गडवा कधी उपडा घातला नाही. लोकांच्या घरी देवाला दिवा लागतो, तसा आमच्या पायरीवर गडवा.

७

बेबी आता चालते. पळते म्हटलं तरी चालेल. दर आठ दिवसांनी पुष्पा तिला घेऊन पाळीवरून येते. यांनी म्हटलं होतं तसंच झालं, बस नाही, वाट पाहणं नाही. मागच्या थंडीत शेकोटीतल्या निखाऱ्यावर तिचा पाय पडला. उजव्या तळपायाला धानाच्या दाण्याएवढा टणक डाग राहिला आहे. मी रोज तेल लावायची, तरी गेला नाही.

परवा दोघी आल्या होत्या. हे पोस्टात गेले होते. पुष्पा मागे विहिरीवर लुगडी धूत होती, बेबी समोर रंभाबाईच्या अंगणात खेळत होती. मी मधल्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते, सूप मांडीवर. दारात पाय थांबले. लहान पाय. मी उठले, गडवा ठेवला, परत येऊन बसले. पाणी वाजलं. बेबी आली, सूप बाजूला सारलं आणि माझ्या मांडीवर आडवी झाली. दमली असेल, लगेच झोपली. मी एका हातानं तिला थोपटत होते, एका हातानं खडे काढत होते. फार बरं वाटत होतं. खरं सांगते, दोन बाळांनंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटलं.

मग दारात पुन्हा लहान पाय थांबले.

"आजी, पानी."

माझा हात थोपटायचा थांबला. बाहेरून रंभाबाईचा आवाज आला, "दे ना वो रुखमाबाई, पोरगी उभी हाये. चिखलात खेळली माह्या अंगनात."

मी मांडीवरचीच्या पायाला हात लावला. पाय गार होते, अजून ओले. उजव्या तळव्यावरून बोट फिरवलं. मग डाव्या. पुन्हा उजव्या. कुठंच काही लागलं नाही. तळवा साफ होता, कधी जमिनीला न टेकलेल्या पायासारखा. तिचं तोंड माझ्या पोटाकडे होतं. ते वळवून पाहायला एक हात पुरला असता.

मी पाहिलं नाही. तिचा श्वास मला पदरातून लागत होता, ऊन, दुधाचा वास असलेला. पाचवीच्या आधी गेलेलं ते, बारशाच्या आदल्या दिवशी गेलेलं ते. दोघांपैकी कुणीच कधी माझ्या मांडीवर झोपलं नव्हतं. आणि गडवा हटवला तर काय होतं, ते मी एकदा पाहिलेलं.

"आजी, पानी दे ना!"

"आली वो माय, आली," मी म्हटलं.

मांडीवरचीला मी खाली ठेवलं नाही. तिला तशीच खांद्यावर घेतली, झोपेत तिनं माझ्या मानेला घट्ट मिठी मारली. दुसऱ्या हातानं मी गडवा भरला आणि दाराकडे निघाले, मान खाली घालून.